बंद करा, म्हणजे बघू

मुंबईच्या फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाची नजर ठरलेली असते. सकाळी मनगटावरचं घड्याळ, दुपारी खाऊगल्लीतला तवा आणि संध्याकाळी स्टेशनातला इंडिकेटर. या तिन्हींच्या वाटेत गॉथिक कमानी आणि दगडी सिंह येत नाहीत. आमचे एक काका आयुष्यभर चर्चगेटहून चालत ऑफिसला गेले. राजाबाई टॉवरबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, की तो दिसला म्हणजे अजून सात मिनिटं चालायचं. तो 280 फूट उंच आहे, प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे देऊन आपल्या आईचं नाव दिलं, 1878 साली तो पुरा झाला, या भानगडीत ते पडले नाहीत. 2015 साली दुरुस्ती होऊन टॉवर नव्याने उजळला आणि वर्तमानपत्रात छापून आला. तेव्हा काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, खाली दोनच शब्द: ‘आपला टॉवर’.

मुंबईकर असाच. वास्तू रोज डोळ्यांपुढे असली की तो तिला हवापाण्यात जमा करतो. तिच्याभोवती परांच्या चढल्या, हिरवी जाळी लागली, ‘काम चालू आहे’ अशी पाटी आली, की मात्र तो थबकतो. आत काय चाललंय? कंत्राट कुणाला मिळालं? आणि मुळात इथे होतं काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे तयार असतात. तिसऱ्यासाठी तो उद्घाटनाची वाट बघतो.

फ्लोरा फाउंटनच घ्या. हे कारंजं 1864 सालचं. ते खरं म्हणजे भायखळ्याच्या बागेत बसायचं होतं. पण कोटाच्या भिंती पाडल्यावर, चर्चगेट नावाचा दरवाजा जिथे होता तिथे ते आलं. शेजारच्या हुतात्मा स्मारकापुढे माणसं आजही थांबतात, मान लववतात. कारंज्यावरच्या फ्लोराबाईंच्या वाट्याला मात्र पत्ता सांगण्याची नोकरी आली: ‘फाउंटनला उतरा आणि डावीकडे वळा.’ वर्षानुवर्षं त्यांच्या अंगावर रंगाचे थर चढत गेले, पाणी कधी असायचं, कधी नसायचं, कुणाची तक्रार नव्हती. मग दुरुस्ती निघाली. आसपासच्या खोदकामात 1964 साली बंद झालेल्या ट्रामचे रूळ सापडले, आणि ज्यांनी ट्राम कधी पाहिलीही नव्हती त्यांचेही डोळे पाणावले. 2019 च्या जानेवारीत कारंजं सुरू झालं, तेव्हा लोक सहकुटुंब बघायला आले. ‘किती छान बांधलंय नवीन!’ असं म्हणणारेही त्यात होते. दीडशे वर्षं जागेवर उभं राहून बाईंना शेवटी नवेपणाचं कौतुक लाभलं.

भायखळ्याला जायचं कारंजं फोर्टात राहिलं, तशी फोर्टातली एक गोष्ट भायखळ्याला गेली. काळा घोडा. त्या पुतळ्यात घोडा हा खरं तर दुय्यम पात्र. वर इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, बसले होते. 1879 साली पुतळा बसवला, 1965 साली हलवला, आणि मधल्या काळात लोकांनी युवराजांकडे ढुंकूनही न बघता चौकाला घोड्याचं नाव देऊन टाकलं. घोडा राणीच्या बागेत गेला तरी चौक काळा घोडाच राहिला. अखेर 2017 साली तिथे नवा घोडा आला, तोही बिनस्वाराचा. सत्तांतर इतक्या शांतपणे क्वचितच होतं. जुन्या घोड्याला भायखळ्यात सोबतही चांगली आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो हत्तीही तिथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, तर क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडून त्याला मुंबईतच ठेवलं. एलिफंटाला हत्ती नाही म्हणून कुरकुरत लाँचमधून परतणारे पर्यटक भायखळ्याला काही जात नाहीत.

गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसची गोष्ट थोडी वेगळी. ते 1993 साली बंद पडलं आणि 2016 साली उघडलं. मधल्या तेवीस वर्षांत एक अख्खी पिढी ‘ऑपेरा हाऊस’ म्हणजे हिऱ्यांचा बाजार असं समजून मोठी झाली. बालगंधर्वांनी जिथे रंगमंच गाजवला, तिथली झुंबरं आणि सोनेरी सज्जे बघून ही मंडळी विचारू लागली, ‘इथे खरंच नाटकं व्हायची?’

तरी ऑपेरा हाऊस निदान रस्त्यावरून दिसत होतं. मलबार हिलच्या राजभवनात 2016 साली एक भिंत फोडली, तर आत तेरा खोल्यांचा ब्रिटिशकालीन बंकर निघाला. ज्या शहरात लोक बाल्कनी आत घेऊन तिथे मुलाचा संसार थाटून देतात, त्या शहरात तेरा खोल्या कुणाच्या लक्षातही नसाव्यात, हे इतिहासातलं मोठं आश्चर्य मानायला हवं. 2019 साली तिथे संग्रहालय झालं. आधी नाव नोंदवून बघायला जाता येतं. राहायला नाही.

त्याच टेकडीवर, मुलांच्या बागेतल्या म्हातारीच्या बुटाच्या मागे, 2025 साली झाडांच्या उंचीवरून जाणारी पायवाट झाली. पंचवीस रुपये तिकीट, ऑनलाइन वेळ ठरवायची, मग फांद्यांमधून चालत जायचं. टोकाला काचेची जमीन आणि समोर गिरगावची चौपाटी. पंचवीस रुपये देऊन झाडं का बघायची, असा हिशेबी प्रश्न मलाही पडला होता. पण तिथे एक आजोबा नातवाला जांभूळ कोणतं ते दाखवत होते. टेकडीवरची झाडं काही 2025 साली लावलेली नव्हती. मात्र तासाभराची वेळ ठरवून आलेल्या माणसाला त्या तासात दुसरं काही करता येत नाही, म्हणून तो झाडं बघतो. तिकिटाचे पैसे बहुधा त्याचेच.

काही जागांना मात्र हा नवेपणा थोडा जाचतो. काळ्या घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय, 1870 ची इमारत, दुरुस्त होऊन 2023 साली उघडलं, तेव्हा जुन्या सभासदांच्या पोटात गोळा आला. त्यांना काळजी व्हरांड्यातल्या आरामखुर्च्यांची. तिथे पुस्तक छातीवर ठेवून दुपारची झोप घेण्याची परंपरा जुनी. चकचकीत जागेत माणसाला घोरायचा संकोच वाटतो.

हे सगळं बघून मला एक प्रस्ताव सुचतो. पालिकेने दरवर्षी एक धडधाकट इमारत विनाकारण सहा महिने बंद ठेवावी. हिरवी जाळी लावावी, आत काहीही करू नये आणि मग थाटात उघडावी. सुरुवात 1833 साली पुऱ्या झालेल्या टाऊन हॉलपासून, म्हणजे आपल्या एशियाटिक सोसायटीपासून करता येईल. तिथे दान्तेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत आहे, भारतरत्न पां. वा. काणे यांचा त्या संस्थेशी दीर्घ संबंध होता, आणि ती जागा इतक्या वर्षांत एकदाही पुरेशी बंद न पडल्यामुळे बिचारी पाहायची राहून गेली आहे. प्रस्ताव ज्यांना वेडगळ वाटतो, त्यांनी तिथल्या पायऱ्या चढून दाराच्या आत आपण शेवटचं कधी गेलो ते सांगावं. सिनेमात नायिका तिथे बसलेली बघितली, हे धरलं जाणार नाही.