दोन तासांचा सप्ताह

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अखंड हरिनाम सप्ताहाच्या समित्यांना एक आनंदाची बातमी द्यायची आहे. 2014 साली अमेरिकेत ‘स्प्रिट्झ’ नावाचे वाचनतंत्र आले. पडद्यावर एका वेळी एकच शब्द, त्यातले एक अक्षर लाल, आणि डोळा जागचा हलवायचा नाही. वेग मिनिटाला 1,000 शब्दांपर्यंत.

आता हिशोब पाहा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9,000. ओवीला 12 शब्द धरले, तर अख्खे पारायण दोन तासांच्या आत. घोड आणि भीमा नद्यांच्या काठी सात-सात दिवस मांडव अडवून ठेवण्याचे कारणच उरत नाही. मागे वळून ओवीचा अर्थ लावत बसायची जुनी खोडही मोडते. शब्द गेला तो गेला. पाच सेकंदांची जांभई आली तर सहा-सात ओव्या हुकतील, पण यंत्राने त्या दाखवलेल्या असतात. म्हणजे पारायण पूर्णच.

पुढची सुधारणा ओघाने येतेच. शब्द यंत्र दाखवते, वेळ यंत्र राखते, मग वाचकाने समोर बसायचे कशाला? व्यासपीठ चालकाच्या जागी चार्ज केलेला मोबाईल ठेवावा, त्याला बुक्का लावावा आणि मंडळींनी थेट पंगतीला बसावे.

महाप्रसाद मात्र पूर्वीच्याच वेगाने होईल. बुंदीची एकेक कळी, मिनिटाला हजार या दराने वाढावी, अशी सूचना अद्याप एकाही गावातून आलेली नाही.