बॅकअपवाल्यांना शीळफाट्याहून अनावृत पत्र

रा. रा. बॅकअप सॉफ्टवेअरचे कर्तेधर्ते यांसी,

शीळफाट्याहून सा. न. वि. वि. पत्रास कारण की, दृष्टिहीन ग्राहकांवर आपण केलेल्या उपकारांची दखल आजवर कोणीच घेतलेली नाही. ती जाहीरपणे घेतली जावी म्हणून शीळ, डायघर, दिवा, पलावा या पट्ट्यात स्क्रीन रीडर लावून, म्हणजे निव्वळ कानांच्या भरवशावर, घरचा संगणक चालवणाऱ्या मंडळींच्या वतीने हा पत्रप्रपंच.

आपल्या सॉफ्टवेअरचे रूप फार देखणे असते, असे डोळस लोक सांगतात. रंगीत डिस्क, हिरवी खूण, लाल फुली. आमचा स्क्रीन रीडर एनव्हीडीए त्या डिस्कवर पोचला की म्हणतो, ‘ग्राफिक’. टॅब दाबला की ‘बटण’. पुन्हा टॅब, पुन्हा ‘बटण’. तिसऱ्यांदाही तेच. त्यातले एक बॅकअप सुरू करते, एक जुना बॅकअप पुसते आणि एक महागडी आवृत्ती विकत घ्यायच्या पानावर नेऊन सोडते. कोणते कुठले, ते दाबल्यावर कळते. बटणाला नाव देणे हे प्रोग्रामरचे एका ओळीचे काम. पण ते केले असते तर ग्राहकाच्या आयुष्यात काही थरार उरला असता का?

एनव्हीडीए 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने लिहायला घेतला, कारण बाजारातले स्क्रीन रीडर संगणकापेक्षा महाग होते. तो आजही फुकट मिळतो. काम पुढे सरकू लागले की प्रगतीच्या पट्टीबरोबर तो टूं-टूं करत सूर चढवत नेतो. चहा टाकता टाकता स्वयंपाकघरातून कळते की निम्मे झाले. अट एकच, ती पट्टी खरी असावी. आपण ती नुसती रंगवलेली असते, त्यामुळे घरात शांतता नांदते. हाही उपकारच.

आता या लोकांकडे जपण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न आपल्याला पडत असेल. लग्नाचे फोटो तर असतातच. शिवाय एखादा दिवाळी अंक पान पान स्कॅन करून, चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआरने घोळ घातलेली जोडाक्षरे एकेक दुरुस्त करून तयार केलेली फाइल असते. ती पुन्हा ‘डाउनलोड’ होत नाही, कारण ती जगात दुसरीकडे कुठे नसते. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेली जुनी मराठी पत्रे असतात. तशीच उघडली तर एनव्हीडीए रोमन अक्षरांची बडबड करतो, म्हणून ती बदलून, तपासून ठेवलेली असतात. आणि असतो उच्चारांचा कोश: ‘कडोंमपा’ दिसले की ‘कल्याण डोंबिवली महानगरपालिका’ म्हण, असे वर्षानुवर्षे शिकवत आणलेले. हा कोश ‘डॉक्युमेंट्स’मध्ये राहत नाही. तो ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, ‘एनव्हीडीए’ या उपफोल्डरात बसतो. ‘माझ्या सगळ्या फाइली’ अशी खूण करून घेतलेल्या बॅकअपमध्ये तो असेलच असे नाही.

शिवाय हा शीळफाटा. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा बंद पडलेल्या मुख्य वाहिन्यांत शेजारच्या कळव्याची कळवा-पडघे वाहिनी होती. म्हणजे घरचेच कार्य. एवढा मान रोज मिळत नसला, तरी फाइल लिहिली जात असताना वीज जाणे इथे कुणाला नवे नाही. मग हार्ड डिस्क आजारी पडते. संगणक उचलून कल्याण-शीळ रस्त्याच्या कोंडीतून डोंबिवलीला न्यायचा. दुकानदार स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मारतो. संगणक लख्ख होऊन घरी येतो, आणि त्यातला एनव्हीडीएही लख्ख पुसलेला असतो.

इथे आपली खरी कर्तबगारी सुरू होते. बॅकअप घेताना निदान विंडोज चालू असते. चाचपडत का होईना, माणूस निभावून नेतो. परत आणायची वेळ येते ती विंडोज मेलेली असताना. आपला रेस्क्यू पेनड्राइव्ह लावावा, तर तो स्वतःची छोटीशी विंडोज घेऊन उठतो. बहुधा तिच्यात साउंड कार्डचा ड्रायव्हर नसतो आणि वाचून दाखवणाराही कोणी नसतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी बीकेसी ते शीळफाटा असा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातला 7 किलोमीटर खाडीखालून, खणायला घेता येतो. पण आपल्या पेनड्राइव्हवर एक ड्रायव्हर चढवायला तंत्रज्ञान अजून पुढे गेलेले नाही, हे आम्ही सारे समजून घेतो. काही हौशी प्रोग्रामरांनी एनव्हीडीए घातलेले बोलके रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवले, तो त्यांचा आगाऊपणा.

एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी हा सल्ला चांगलाच. मेन्यूतल्या ‘टूल्स’मधून ती सहज बनते. मात्र विंडोज ‘या प्रोग्रामला परवानगी देऊ का?’ असे सुरक्षित पडद्यावर विचारते, तेव्हा ही प्रत गप्प बसते, आणि नेमके आपले सॉफ्टवेअर ती परवानगी मागितल्याशिवाय उघडत नाही. त्यात डिस्कला कुलूप घालणारा बिटलॉकर चालू असेल तर विंडोज उठण्याआधीच निळ्या पडद्यावर 48 आकडी किल्ली मागितली जाऊ शकते. मग शेजारच्या दहावीतल्या मुलाला हाक मारायची. त्याला आकडे वाचायला लावायचे, आणि बँकेची कागदपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, घरातली पत्रे ज्या डिस्कवर आहेत ती त्याच्यासमोर उघडायची. आपल्यामुळे शेजारधर्म टिकून आहे.

‘बॅकअप यशस्वी’ या आपल्या हिरव्या खुणेवर डोळसांनीही किती विसंबावे, याचा दाखला पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने दिला आहे. 1998 मध्ये ‘टॉय स्टोरी 2’ च्या फाइली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि बॅकअप कामाचा निघाला नाही. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तिथल्याच बाईंच्या घरच्या संगणकामुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांनी तिथे एक प्रत ठेवली होती. परत आणून पाहिलेला नाही तो बॅकअप नव्हेच, हे एवढ्या मोठ्या स्टुडिओला तेव्हा उमगले. आमच्या मंडळींना मात्र तो आणून पाहण्याचीच सोय नाही.

म्हणून इथले जाणते लोक आपला नाद सोडून रोबोकॉपीकडे वळतात. विंडोजमध्ये 2007 च्या व्हिस्टापासून ही फाइली कॉपी करणारी आज्ञा फुकट बसलेली आहे. तिला ना बटण, ना चित्र; नुसता मजकूर, त्यामुळे ती अथपासून इतिपर्यंत बोलते. शेवटी येणाऱ्या तक्त्यात ‘फाइल्स’च्या ओळीवर थांबून आकडे ऐकायचे: एकूण, कॉपी झालेल्या, वगळलेल्या, न जुळलेल्या आणि पाचवा आकडा फसलेल्यांचा. तो शून्य ऐकू आला की काम फत्ते. ‘मिर’ हा पर्याय मात्र जपून वापरावा; मूळ जागेवरून चुकून पुसलेले तो प्रतीतूनही पुसतो. ओसीआर केलेली पुस्तके आणि तो उच्चारकोश एवढ्याने वाचतात. आख्खी विंडोज जशीच्या तशी परत उभी करायची असेल, तर आपल्याच दारात यावे लागते.

कायद्याचे नाव काढून रंगाचा बेरंग करायचा नाही, पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 42 रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, असे म्हणते. आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तो खटला बँकांच्या ई-केवायसीचा होता, आपला नव्हे. तेव्हा निश्चिंत असावे.

मागणे थोडकेच आहे. पुढची आवृत्ती बाजारात आणण्याआधी आपल्या कचेरीतल्या एका संगणकाची डिस्क कोरी करावी, मॉनिटरची वायर काढावी, आपलाच रेस्क्यू पेनड्राइव्ह लावावा आणि आपल्या सर्वांत हुशार इंजिनिअरला तो संगणक शेजाऱ्याला हाक न मारता परत उभा करायला सांगावे. जमले, तर त्या आवृत्तीचे पैसे शीळफाट्यावरून आधी येतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.