काकांचा भूतकाळ

पुण्यात फ्रेंचचा संध्याकाळचा वर्ग कुठलाही असो, त्यात एक काका असतात. बाकीचे का येतात ते विचारावं लागत नाही. निम्म्यांना कॅनडाचा पीआर हवा असतो, दोघा-तिघांची फी कंपनीने भरलेली असते, आणि एखादीला दहावीत संस्कृतऐवजी फ्रेंच घेऊन पटकावलेले मार्क आता खरे करून दाखवायचे असतात. काका मात्र बँकेतून निवृत्त आहेत, आणि फी त्यांनी स्वतःच्या खिशातून, पावती मागून घेऊन भरलेली आहे.

ते दहा मिनिटं आधी येऊन पहिल्या बाकावर बसतात. वहीला तपकिरी कव्हर. आत क्रियापदं निळ्या शाईत, अपवाद लाल. (लाल पेन आधी संपतं.) बाकीचा वर्ग फळ्याचा फोटो काढतो, काका फळा उतरवून घेतात. मॅडम वयाने त्यांच्या मुलीहून लहान. वर्गात एकमेकांना ‘त्यु’ म्हणा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं; पण मास्तरणीला अगं-तुगं करणं काकांच्या जिभेला झेपलं नाही. तेव्हापासून ते सरसकट सगळ्यांना ‘व्हू’ म्हणतात, शेजारच्या अठरा वर्षांच्या पोरालासुद्धा. पोरगा खूश आहे. घरी त्याला एवढा मान मिळत नाही.

फ्रेंच बोलण्याआधी फ्रेंचविषयी बोलावं, हा काकांचा खाक्या. आलियाँस फ्राँसेझ 1883 साली पॅरिसमध्ये निघाली आणि तिच्या संस्थापकांत लुई पाश्चर आणि ज्यूल व्हर्न होते, हे चहाच्या टपरीवर आम्हाला त्यांनीच सांगितलं. डेल्फच्या परीक्षेचे नियम त्यांना तोंडपाठ: चार भाग, प्रत्येकी पंचवीस गुण, पास व्हायला पन्नास, पण एकाही भागात पाचाच्या खाली गेलात तर नापास. पीआरवाल्या मुली टीसीएफ देणार म्हटल्यावर ते हळहळले. टीसीएफचा निकाल दोन वर्षांनी शिळा होतो, डेल्फचं प्रमाणपत्र आजन्म चालतं. ‘‘मुदत नसलेली ठेव आहे ती, सोडू नका!’’ मुलींनी सांगितलं की पीआरला डेल्फ चालतच नाही. काकांनी कॅनडा सरकारच्या दूरदृष्टीविषयी दोन वाक्यं ऐकवली. मराठीत.

आकडे आले त्या दिवशी मात्र वर्ग काकांचा होता. नव्वद म्हणायला ‘चार वीस आणि दहा’ म्हणायचं, हे ऐकून सॉफ्टवेअरवाल्यांनी डोकं धरलं. काका शांत. त्यांची आजी आठवडी बाजारात आंबे असेच मोजायची: एक विसा, दोन विसा, चार विसा आणि वर दहा. पॅरिसची माणसं शेवटी आजीच्याच वळणावर गेली याचा त्यांना इतका आनंद झाला, की पुढचा आठवडाभर ते टपरीवाल्याचा हिशेबही विशांत करत होते.

खरी अडचण वेगळीच होती. ए-वनचं, म्हणजे पहिल्या पातळीचं पुस्तक बहुतेक वर्तमानकाळात चालतं. त्यातली माणसं तरुण असतात, कुठेतरी नोकरीला असतात आणि रविवारी पोहायला जातात. काकांचं जे काही होतं ते सगळं ‘होतं’मध्ये, आणि ‘मी अमुक होतो’ म्हणायला जो काळ लागतो तो ए-टूला भेटतो. ‘निवृत्त’ला ‘रत्रेते’ म्हणतात, हे मॅडमनी सुचवून पाहिलं. काकांना ते रुचलं नाही. त्यात हुद्दा कुठे आला? मग त्यांनी सरळ पुन्हा चार्ज घेतला. ‘‘झ स्वी दिरेक्तर द बांक,’’ ते सांगायचे. संभाषणाच्या तासाला एकाने त्यांना गृहकर्जाचा दर विचारला. काकांनी दर सांगितला, तोही बिनचूक फ्रेंचमध्ये. फक्त तो ते मॅनेजर असतानाचा होता.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कळायला वेळ लागला. लेक-जावई माँट्रियलला. तिथे 1977च्या कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना सहसा फ्रेंच शाळेतच घालावं लागतं. त्यामुळे नातू शाळेत फ्रेंच शिकतो आणि घरीही तेच बोलतो. व्हिडिओ कॉलवर काकांनी त्याच्याशी पहिलं फ्रेंच वाक्य बोलून पाहिलं, अर्थात ‘व्हू’ लावून. नातवाने वळून आईला विचारलं, आजोबा माझ्यावर रागावलेत का?

पुढे ते तिकडे जाऊन आले. बेकरीतल्या मुलीने ‘बोंजूर-हाय’ असं दुहेरी स्वागत केलं. काकांनी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, ते अर्ध्यावर असतानाच तिने इंग्रजीत किती हवेत म्हणून विचारलं. आता, दुकानदारांनी नुसतं ‘बोंजूर’ म्हणावं, असा ठराव क्वेबेकच्या विधानसभेने 2017 साली एकमताने केला आहे, हे त्या मुलीला माहीत असेल-नसेल, काकांना माहीत होतं. ते काही न घेता रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि नंबर आल्यावर वाक्य पहिल्यापासून म्हटलं. क्रोसाँ मिळाले. काकूंच्या मते तोवर ते गार झाले होते.

परवा ए-टूच्या वर्गात ‘आँपार्फे’ आला, म्हणजे तो ‘होतो’वाला भूतकाळ. मॅडमनी प्रत्येकाला पाच वाक्यं सांगायला लावली. काका उठले, चष्मा पुसला, आणि जळगाव शाखेपासून सुरुवात केली. कॅश जुळत नव्हती, दिवे जात होते, ऑडिटर येत होते, काकू डबा पाठवत होत्या. पाचाची वीस वाक्यं झाली तरी अजून बढती व्हायची होती. शेवटी मॅडमनी हळूच अडवलं, की एकदा घडून संपलेल्या गोष्टीसाठी हा काळ चालत नाही, त्याला दुसरा आहे.

‘‘एकदा कुठे मॅडम,’’ काका म्हणाले, ‘‘दर मार्च एण्डला व्हायचं.’’