बँड सोडून एकट्याचा अल्बम काढावा कसा?
(नवशिक्यांसाठी, मुक्काम बदनापूर)

लागणारे साहित्य: एक गळा, एक मोबाइल, थोडे उसने पैसे आणि एक बँड. सोडून जायला आधी बँड असावा लागतो, हे नवशिके हमखास विसरतात. नसेल तर काढा. लग्नसराई बरी गेली तर दोन हंगामांत तो भांडण होण्याइतका जुना होतो.

जमिनीची पाहणी: बदनापूरकराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. बँड म्हणजे आंतरपीक आणि एकट्याचा अल्बम म्हणजे सलग तूर. इथल्या कृषी संशोधन केंद्राचं पांढऱ्या तुरीचं वाण, बीडीएन ७११, २०१२ साली आलं. ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूर. गावाचं नाव लावून बाहेर गाजलेला आपला कलाकार तोच. तोही पुष्कळ शिवारांत सोयाबीनच्या ओळींमध्येच उभा असतो, ही बाब तूर्त मनात ठेवा.

पायरी १. कारण सांगा. खरं कारण इसाराच्या पैशांची वाटणी. ते सांगू नका. “मला माझा आवाज शोधायचाय,” असं म्हणा. ढोलकीवाला विचारेल, “कधी हरवला, भाऊ?” उत्तर देऊ नका, निघा.

पायरी २. गुरू करा. गुरू परका नको. फ्रेडी मर्क्युरी घ्या. जन्म झांझिबारचा, घर पारशी, शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथल्या पोरांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये तो पियानोवर असे. पुढे उभं राहून गायला दुसराच मुलगा होता. म्हणजे आज कॅसिओवर मागे बसवलं म्हणून खचू नका. पुढे ‘क्वीन’ बँडने त्याला जगभर नेलं आणि एप्रिल १९८५मध्ये त्याने एकट्याचा अल्बम काढला, ‘मिस्टर बॅड गाय’.

पायरी ३. गाव सोडा. फ्रेडीने ध्वनिमुद्रणासाठी म्युनिक गाठलं. तुम्ही संभाजीनगरची गाडी धरा. जालन्याकडे जाऊ नका, तिकडच्या प्रत्येक वरातीत ओळखीचा ताशेवाला भेटतो आणि निश्चय ढळतो.

पायरी ४. आडवं येणाऱ्यांना टाळा. ही मुख्य पायरी आहे, सावकाश वाचा. फ्रेडीने अल्बमच्या वेष्टनावर ब्रायन, रॉजर आणि जॉन या आपल्या तिन्ही साथीदारांचे आभार मानले, ते मध्ये न पडल्याबद्दल. तुम्हालाही आता “पट्टी उतर, गळा फाटतोय” म्हणणारं कोणी नाही. तिसरं कडवं कापा म्हणणारं कोणी नाही. सोळा वेळा गा, सोळाही वेळा रेकॉर्डिंगवाला “भारी!” म्हणेल. तो तासावर पैसे घेतो. सतराव्या वेळी तुम्हाला ढोलकीवाल्याचं वाकडं तोंड आठवू लागलं, तर काम बरोबर चाललंय असं समजा.

पायरी ५. अर्पणपत्रिका लिहा. फ्रेडीने अल्बम आपल्या मांजरांना अर्पण केला. जेरी, टॉम, ऑस्कर आणि टिफनी. यात फार मोठं शहाणपण आहे. तुम्ही एका मामाचं नाव घातलं की दुसरा मामा लग्नाला येत नाही. गोठ्यातल्या जनावरांची नावं घाला. त्यांच्यात मानपान नसतो.

पायरी ६. अल्बम बाहेर काढा आणि शांत राहा. फ्रेडीचा अल्बम ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. वाईट नाही. पण अडीच महिन्यांनी, १३ जुलै १९८५ला, तो वेम्बलीत ‘लाइव्ह एड’च्या मंचावर उभा राहिला तो ‘क्वीन’सोबतच. वीसेक मिनिटं गायला आणि आजही लोक तीच मिनिटं काढून बघतात. त्यात नव्या अल्बमातलं एकही गाणं नव्हतं. तुमच्या बाबतीत वेम्बलीच्या जागी चुलतभावाची हळद येईल.

नेहमीच्या चुका: बँडच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तिरीमिरीत बाहेर पडणे. मिक्सर कोणाच्या पैशांचा, हा प्रश्न निघताना काढणे. भर लग्नतिथीला सोडून जाणे. ही चूक नव्हे, पाप आहे.

पायरी ७. काढणी. फ्रेडी १९९१मध्ये गेला. मग त्या तिघांनी, ज्यांचे मध्ये न पडल्याबद्दल आभार मानले होते त्यांनीच, त्याच्या एकट्याच्या अल्बमातली दोन गाणी घेतली. आवाज त्याचाच ठेवला आणि भोवती आपली गिटार, बेस, ड्रम नव्याने वाजवले. १९९५च्या ‘मेड इन हेवन’ अल्बमात ती ‘क्वीन’च्या नावावर आली. अखेर ते मध्ये पडलेच.

तुम्ही इतकं थांबू नका. पेन ड्राइव्ह घेऊन संध्याकाळी ढोलकीवाल्याकडे जा. तो गाणं पूर्ण ऐकणार नाही. दुसऱ्या कडव्यातच मांडीवर बोटं वाजवायला लागेल आणि म्हणेल, “इथं जागा मोकळी सोडलीस की रे.” ती सोडलेलीच होती, असं सांगा.