सिलोन नसलेले श्रोते

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या रेडिओ-श्रोत्याची तक्रार पोस्टकार्डावर मावत नाही. तो आंतरदेशीय पत्र घेतो, 'मा. केंद्र संचालक यांस, स.न.वि.वि.' असा ठाकठीक मायना लिहितो, आपण कुठल्या कुठल्या बुवांना समोर बसून ऐकलं आहे याचा पाऊण पान हिशेब देतो आणि मूळ मुद्दा शेवटी, गोंदाच्या पट्टीलगत, मुंगीच्या अक्षरात कोंबतो: सकाळच्या सभेतलं गायन कमी का केलं? यथावकाश उत्तर येतं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. ती घेतलेली असतेच. नोंदी घेण्यात सरकारी खात्याचा हात कुणी धरू शकत नाही. गायन तेवढं परत येत नाही.

गाऱ्हाणी तशी नवी नाहीत. विलंबित संपून द्रुत सुरू होतंय न होतंय, तोच निवेदिकेला बातम्यांची घाई. क्रिकेटचं समालोचन आलं की पहिली कात्री ख्यालाला. कीटकनाशकाच्या जाहिरातीला कात्री लागल्याचं ऐकिवात नाही. स्थानिक कलाकाराच्या ध्वनिमुद्रणाऐवजी दुसऱ्याच केंद्राचं सहक्षेपण, आणि तेही नसलं तर तीच ती जुनी ध्वनिफीत, जिच्यात अंतऱ्याच्या आधी कुणीतरी खोकतं हे श्रोत्यांना आता पाठ झालंय. (खोकला समेवर येतो, एवढं मात्र मान्य करायला हवं.)

हे सगळं बिनबोभाट चालतं, कारण ख्याल ऐकणाऱ्याला सिलोन नाही.

सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला ते होतं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नावाचे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं राहिले. संगीताचे जाणकार, आणि जाणकार मंत्री झाला की जनतेने सावध व्हावं, तसंच झालं. सिनेमाची गाणी म्हणजे थिल्लरपणा, असं ठरवून त्यांनी ती आधी कमी केली. मग निर्मात्यांशी वाजलं आणि गाणी जवळपास गायबच झाली. श्रोत्यांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, मायना लिहिला नाही. रेडिओचा काटा सरकवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि सगळा देश दर बुधवारी संध्याकाळी कोलंबोला जाऊन बसू लागला. पाच वर्षांत सरकार नमलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी केसकरांच्याच कारकिर्दीत विविध भारती सुरू झाली. काटा सरकवणं या एका कृतीपुढे इतकी आंतरदेशीय पत्रं फिकी पडतात.

बरं, केसकरांचा काळ शास्त्रीय संगीतवाल्यांसाठी सुवर्णकाळ असायला हवा होता. २० जुलै १९५२ पासून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री एकाच कलाकाराला निवांत वेळ, सगळ्या केंद्रांवरून. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन. गावोगावच्या ज्या लोकांनी कधी मैफल पाहिली नव्हती, त्यांच्या माजघरात दरबारी शिरला. आणि तरीही, वाचकहो, हे लोक तक्रारच करत होते! कलाकार चिडले, कारण ज्यांची हयात गाण्यात गेली त्यांनाही स्वरचाचणीला बसवून श्रेणी द्यायचं ठरलं. पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे शास्त्रकार परीक्षक, समोर घरंदाज गवई, आणि प्रश्न रागाच्या व्याकरणाचे. पुष्कळांनी बहिष्कार घातला. श्रोते चिडले, कारण पेटी नव्हती.

पेटीची गोष्ट तर आणखी जुनी. १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली, आणि तिची पायाभरणी केली दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने. युरोपातून आलेलं वाद्य भारतीय संगीताला कसं मारक आहे, हे युरोपातून आलेल्या माणसाने आपल्याला पटवून दिलं. रवींद्रनाथांनी बंदीला पाठिंबा दिला. साहेब गेला, बंदी राहिली. सैल व्हायला एकोणीसशे सत्तरचं दशक उजाडलं. मधल्या काळात, १९५५ साली, आकाशवाणीने नोकरीवर कुणाला घेतलं असेल? पु. ल. देशपांड्यांना. अवघ्या महाराष्ट्राचा लाडका पेटीवाला, आणि कार्यालयात पेटीला मज्जाव. असा विनोद त्यांनाही सुचला नसता. तो खात्यालाच सुचू शकतो.

सांगायचं काय, तर चांगल्या दिवसांतही ख्यालवाल्याला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याचं भलं परस्पर व्हायचं. आता वाईटही परस्पर होतं, इतकाच फरक.

त्याचंही एक सिलोन मध्यंतरी अवतरलं होतं. वर्ल्डस्पेस. उपग्रहावरून चोवीस तास संगीत, जाहिराती नाहीत. हिंदुस्तानी संगीताला 'गांधर्व' आणि कर्नाटक संगीताला 'श्रुती' अशा स्वतंत्र वाहिन्या. खिडकीत चौकोनी अँटेना पूर्वेकडे तोंड करून ठेवायची, अंशा-अंशाने फिरवत सिग्नल पकडायचा, आणि एकदा पकडला की घरातल्या मोलकरणीपासून पाहुण्यांपर्यंत कुणीही त्या खिडकीकडे फिरकायचं नाही. लोकांनी त्यासाठी चक्क पैसे मोजले! शास्त्रीय संगीताचा श्रोता फुकट पासावर जगतो, या समजाला तो सणसणीत जवाब होता. पण अमेरिकेतली मूळ कंपनी २००८ साली दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली. लाखो वर्गणीदारांच्या घरी तो रेडिओसंच उरला. काहींनी अजून टाकलेला नाही. त्याच्यावर ज्ञानेश्वरी ठेवतात.

मग २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने 'रागम' आणलं. हिंदुस्तानी-कर्नाटक दोन्ही, चोवीस तास. प्रामाणिकपणे सांगायचं तर चांगली गोष्ट. संग्रहात सोनं आहे, ते बाहेर आलं. पण ऐकायचं कुठे? मुख्यतः डीटीएचवर आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर. म्हणजे रेडिओवरचं शास्त्रीय संगीत भरभरून मिळेल, फक्त रेडिओ सोडून बोला. सत्तरीतल्या श्रोत्याने नातवाकडून अ‍ॅप घालून घेतलं, कोमल रिषभावर गवई थांबला, आणि तेवढ्यात फोन वाजला: सर, आपल्याला पूर्वमंजूर कर्ज हवंय का?

यूट्यूबवर सगळं असतं, असं तरुण मंडळी सांगतात. असतं. पण तिथे काय हवं ते आधी ठाऊक असावं लागतं. रेडिओ न मागता द्यायचा. दाढी करताना कानावर खट तोडी पडायचा, काय आहे ते कळायचं नाही, ब्रश हातात तसाच, आणि शेवटी निवेदिका सांगायची: राग, ताल, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण. सारंगियाचं नाव अख्ख्या भारतात फक्त तीच घेत असे. यूट्यूब त्याऐवजी 'झोप लागण्यासाठी आठ तास बासरी' सुचवतो. अर्थात, आपल्याच नशिबी हे आहे असं नाही. बीबीसीने १९५७ साली 'थर्ड प्रोग्राम'चे तास कापले, तेव्हा टी. एस. एलियटसारखे लोक भांडायला उतरले. तास कापले गेलेच. आणि २०२४ साली त्याच घराण्यात 'रेडिओ ३ अनवाइंड' जन्माला आला, शांत वाटावं म्हणून. ज्या संगीतापायी माणसांनी रात्री जागवल्या, ते आता दोन्ही देशांत झोपेसाठी देतात.

थोडं रसिकांनाही सांगायला हवं. डिसेंबरात सवाईच्या मंडपात भारतीय बैठकीला जागा मिळत नाही, सतरंजीवरून भांडणं होतात. त्यांतल्या किती जणांच्या घरी चालू रेडिओ आहे? निम्मे तर गाणं सुरू असताना मोबाइल उंच धरून उभे. आकाशवाणीने शास्त्रीय संगीत बंद केलं तर पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर श्रद्धांजली फिरेल. दुसऱ्या दिवशी 'आधी कधी लागायचं हो?' अशी चौकशी होईल.

आणि आरडाओरडा केला की काम होतं, हेही आपण पाहिलंय. २०२३च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा आदेश निघाला. पुण्यात गदारोळ झाला, पुढाऱ्यांनी दिल्लीला पत्रं धाडली आणि काही दिवसांतच आदेशाला स्थगिती मिळाली. बातम्यांच्या मागे पुढारी उभा राहतो, कारण बातम्यांत पुढारी असतो. मारव्यात कुणाचं भाषण नसतं, कोनशिला नसते, मध्यलयीत कुणाचा सत्कारही होत नाही.

तेव्हा नाराज श्रोत्यांना एक व्यवहारी सूचना. बंदिशीत पालकमंत्र्यांचं नाव गुंफावं. यात घराण्याला बट्टा लागत नाही. सदारंगाने आपल्या ख्यालांत बादशहा मुहम्मदशाह रंगीले याचं नाव असंच गुंफलं होतं, आणि आपले थोर थोर गवई ते आजतागायत डोळे मिटून गातात. दिल्लीची गादी गेली, बंदिश तीनशे वर्षं चालली. सकाळची पंधरा मिनिटं पुढच्या निवडणुकीपर्यंत चालायला हरकत नसावी.