डुबकीमागे दहा वर्षं

नाताळात टोबॅगोला चाललोय म्हटलं की टोरांटोतले आमचे मराठी स्नेही दयेने विचारतात, "परत तिथंच?" हो, परत तिथंच. वारकऱ्याला कुणी "यंदाही पंढरपूरच का?" असं विचारत नाही. आमच्या वारीत पुण्य तेवढं नाही, इतकंच. त्रिनिदादच्या ईशान्येला जेमतेम 300 चौरस किलोमीटरचं हे बेट. डॅनियल डिफोचा रॉबिन्सन क्रूसो आमच्याच बेटावर राहिला, असं इथली माणसं सांगतात; त्याच्या नावाची गुहासुद्धा आहे. 1719च्या कादंबरीतला तो बिचारा 28 वर्षं बेटावरून सुटायची वाट पाहत होता. आम्ही दर वर्षी अकरा महिने इथं अडकायची वाट पाहतो. अर्थात, त्याच्या मुक्कामात नाश्ता धरलेला नव्हता.

खोलीही तीच मागतो, बदामाच्या झाडाकडची. हा बदाम म्हणजे आपल्या कोकणातला देशी बदाम, मूळचा आपल्याच बाजूचा. त्याची लालबुंद पानं वाळूत पडलेली दिसली की मी टोरांटोचाही राहत नाही आणि टोबॅगोचाही. आजोळच्या अंगणात दोन दगड शोधत फिरणारा होतो. पहिल्या वर्षी मी बदाम फोडायला बसलो तेव्हा आसपासच्या आरामखुर्च्या थोड्या लांब सरकल्या होत्या. आता एखाददुसरं पोर शेजारी येऊन बसतं आणि गर निघेपर्यंत श्वास रोखून धरतं.

पहाटे कोक्रिको उठवतात. हा देशाच्या दोन राष्ट्रीय पक्ष्यांपैकी एक. नाव त्याच्या ओरडण्यावरूनच पडलंय. गावातल्या साऱ्या कोंबड्यांनी भाडेवाढीविरुद्ध सभा भरवावी, तसा एकूण सूर. त्यांच्याशी भांडण नको म्हणून आम्ही उठतो आणि सॉरेल पितो. नाताळातलं इथलं हे लाल सरबत. पहिल्या वर्षी पहिल्याच घोटाला बायको म्हणाली, "अहो, ही तर आपली अंबाडी!" खरंच की. अंबाडीचीच लाल बोंडं, आलं-लवंग-साखर घालून मुरवलेली. आईच्या हातची, लसणाच्या चरचरीत फोडणीतली अंबाडी तेवढी ओळखीची होती. नऊवारीतली मावशी परमुलखात लाल गाऊन घालून समोर यावी आणि तिनेच आधी हाक मारावी, तसं झालं.

पण खरी वारी नायलॉन पूलची. पिजन पॉइंटवरून काचेच्या तळाची होडी बुकू रीफची प्रवाळं दाखवत भर समुद्रात जाते आणि थांबते. उतरावं तर पाणी कमरेइतकंच, खाली पांढरी वाळू. 1962 साली राजकन्या मार्गारेट आल्या, त्यांना हे पाणी आपल्या नायलॉनच्या मोज्यांइतकं नितळ वाटलं आणि नाव पडलं, अशी कथा आहे. इथल्या डुबकीने माणूस दहा वर्षांनी तरुण होतो, ही दुसरी. पहिलीपेक्षा दुसरीवर माझी श्रद्धा अधिक. यंदाची डुबकी पाचवी. पासष्टातून पन्नास वजा करता मी पंधरा वर्षांचा झालो आणि दहावीच्या गणिताच्या पेपरची जुनी धडधड पुन्हा सुरू झाली. गुडघ्यांना हा हिशेब अजून कुणी कळवलेला नाही. पहिल्या वर्षी पोहता येत नाही म्हणून बायकोने माझा दंड घट्ट धरला होता. यंदा होडीच्या शिडीवरून उतरताना तिचा दंड मी धरला. ती काही बोलली नाही. फक्त एक पायरी आधी उतरून थांबली.

होडीवाला तोच. पाच वर्षांत त्याचे केस पार पांढरे झालेत. न राहवून मी विचारलं, "तू तर रोज उतरतोस या पाण्यात, मग हे कसं?"

तो सुकाणू सोडून हसला. "अंकल, हे फक्त पाहुण्यांना लागू आहे."

निघताना पुढच्या डिसेंबरची खोली सांगून ठेवली. तेव्हा मी सहा वर्षांचा असेन. आपल्या एसटीत अर्धं तिकीट पडलं असतं. काउंटरवरच्या मुलीला तसं विचारूनही पाहिलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: दोन मोठी माणसं, बदामाकडची खोली.