बांधापलीकडचं मिशिगन

"अगं, तुमच्या गाडीच्या मागच्या काचेवर ते पिवळं 'एम' कुणी चिकटवलंय?"

"ह्यांनी, काकू. एमएस मिशिगन युनिव्हर्सिटीत, ॲन आर्बरला केलंय ना त्यांनी."

"हळू बोल! शेजारचे आजोबा अंगणातच आहेत. ते तोंडाने मिशिगन म्हणतसुद्धा नाहीत, 'ती वरची टीम' म्हणतात. अख्ख्या कोलंबसची हीच तऱ्हा. मिशिगनशी फुटबॉल सामन्याच्या आठवड्यात आपल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत जाऊन बघ, पाट्यांवरच्या एमवर लाल फुल्या मारलेल्या असतात."

"एवढं वैर कशाचं?"

"हद्दीचं, दुसरं कशाचं? १८३५ साली टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायो नि मिशिगनने सैन्य काढलं होतं. टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचं जंगल. पुढे त्या जंगलात तांबं नि लोखंड निघालं, तेव्हा फसलं कोण ते तूच ठरव. बांधावरून भाऊबंद तीन-तीन पिढ्या बोलत नाहीत ना, तसलं प्रकरण आहे हे."

"पण गेल्या, २०२४च्या सीझनला ओहायो स्टेट देशात पहिली आली ना? मग आता काय राहिलं?"

"सांगते ना. २०२४चा नोव्हेंबर, ३० तारीख, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. सामना इथेच, हॉर्सशू स्टेडियममध्ये, लाखावर माणसं. मिशिगनचं ते वर्ष केविलवाणं, अकरा सामन्यांत पाच हरलेले. आपली टीम देशात दुसरी. किती गुणांनी जिंकणार एवढाच प्रश्न. आणि हरले गं! तेरा-दहा! मिनिटभरसुद्धा उरलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या पोराने किक मारून तीन गुण घेतले. आपल्याकडे जेरेमाया स्मिथसारखा पोरगा, पहिल्याच वर्षाचा, बॉल कुठेही फेका, झेलतो. त्याच्याकडे फेकायचं सोडून हे आपले मधल्या भिंतीवर डोकं आपटत बसले."

"ह्यांनी त्या मॅचचा व्हिडिओ दाखवला मला. मारामारी झाली होती ना?"

"मिशिगनवाल्यांनी मैदानाच्या मधोमध त्यांचा झेंडा रोवायला घेतला, आपली पोरं धावली, धक्काबुक्की, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. दोन्ही कॉलेजांना लाख-लाख डॉलर दंड. वर इथल्या एका आमदाराने झेंडा रोवणं गुन्हा ठरवा म्हणून विधेयक आणलं. आमदारांना कामं नाहीत, हे काही एका देशापुरतं नाही बघ."

"आणि कोच?"

"रायन डे. मिशिगनकडून ओळीने चौथ्यांदा हरला होता. आमच्या योगाच्या क्लासातल्या बायका, बॉल कुठल्या बाजूला न्यायचा हेही ज्यांना ठाऊक नाही त्या, 'डेला हाकला' म्हणायला लागल्या. ऑक्टोबरात ओरेगनकडूनही एका गुणाने हरलेला, म्हणजे दोन पराभव. पूर्वी प्लेऑफला चारच टीमा घ्यायचे, तेव्हा असल्यांना कोण विचारतंय? त्याच वर्षी बारा केल्या, म्हणून वाचला."

"नशीब!"

"नशीब कसलं? खुन्नस. डिसेंबरात टेनेसी आली, हाडं गोठवणारी रात्र, तिला बेचाळीस-सतरा. एक जानेवारीला रोझ बोलमध्ये तेच ओरेगन, तोवर एकही सामना न हरलेलं. दुसऱ्या क्वार्टरमध्येच चौतीस-शून्य! आमच्याकडे हे सोफ्यावर उभे. मग टेक्सास. ती खरी मजा. त्यांचा बॉल फेकणारा, क्वार्टरबॅक क्विन युअर्स, नि आपला जॅक सॉयर, इथल्याच पिकरिंग्टनचा. युअर्स आधी आपल्याच कॉलेजात होता, दोघं एका खोलीत राहायचे. आपण सात गुणांनी पुढे, पण टेक्सास अगदी रेषेशी, एक यार्ड उरलेलं. तिथून ते उलटे मागे सरकले, आणि शेवटच्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, सॉयरने जुन्या रूममेटच्या हातातला बॉल उडवला, उचलला नि त्र्याऐंशी यार्ड धावत सुटला."

"रूममेटलाच!"

"होय. वीस जानेवारीला अटलांटात फायनल, नोट्र डेमशी, चौतीस-तेवीस. शेवटी-शेवटी ते जवळ आले होते, तेव्हा डेने स्मिथकडे लांब बॉल फेकायला लावला. छप्पन्न यार्ड! नोव्हेंबरात हेच केलं असतं तर?"

"काकू, ही पोरं फुकट खेळतात म्हणे?"

"फुकट? तो जमाना गेला. खेळाडूंवर साधारण दोन कोटी डॉलर गेले, असं खुद्द कॉलेजचे ॲथलेटिक डायरेक्टर बोलून गेले. माझं म्हणणं, मिळू देत. इतकी वर्षं स्टेडियम भरायचं ह्यांच्या जिवावर नि ह्यांच्या हातात काय, शिष्यवृत्ती. कोचला मात्र हात आखडता नाही हं. फेब्रुवारीत नवा करार, वर्षाला सरासरी सव्वा कोटी डॉलर, २०३१ पर्यंत."

"म्हणजे सगळं गोड झालं."

"कसलं गोड! आजोबांना मी जानेवारीत अभिनंदन करायला गेले, घारगे घेऊन. चार खाल्ले आणि म्हणाले, 'छानच झालं, पण तेरा-दहा.' अजून तेच. ह्या वर्षी, २०२५च्या २९ नोव्हेंबरला सामना तुमच्या ॲन आर्बरला आहे. नवऱ्याला सांग, स्टिकर निदान तोवर गॅरेजच्या भिंतीकडे तोंड करून असू दे."

"ह्यांनी त्या सामन्याची तिकिटं काढायचं ठरवलंय, काकू. तुम्ही दोघं येता का, विचारत होते."

"तिकडे? त्यांच्यात बसून? ...कितीला पडतं गं तिकीट?"